गॅरेजमधली फळी

दिवाळी आली की घर झाडून काढायचे, हा आमच्या घरचा नेम पुण्यात होता आणि साता समुद्रांपलीकडे कॅलिफोर्नियात येऊनही तो सुटलेला नाही. पुण्यात माळा होता, इथे गॅरेज आहे. माळ्यावर जे जे जाते ते सारे इथे गॅरेजमध्ये जाते. फरक इतकाच, की माळा लहान असल्यामुळे माणूस कधीतरी शुद्धीवर येतो. गॅरेज मोठे असल्यामुळे तीही आशा नसते. आमच्या गॅरेजात कधी काळी मोटार उभी राहत असे, यावर आता माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

२०२४ साली सौभाग्यवतींनी निर्वाणीचा इशारा दिला. "लक्ष्मीपूजनाच्या आत गॅरेज रिकामं झालं नाही, तर मी चकलीचा सोऱ्या हातात धरणार नाही!" ऐंशीव्या वर्षी माणूस पुष्कळ गोष्टींवाचून राहू शकतो, पण चकलीवाचून नाही. मी निमूटपणे कामाला लागलो. मदतीला नातू होता. ईशान त्याचे नाव, वय वर्षे बारा.

पाणी तापवण्याच्या बंबामागे हात घालून त्याने जुन्या चादरीत गुंडाळलेले काहीतरी ओढून काढले. चादर सोडली आणि तो ओरडला, "आजोबा, हा मासा कोणाचा?"

तो मासा नव्हता. तो स्केटबोर्ड होता. पण पोराचे काही चुकले नव्हते. पुढे निमुळते तोंड, मध्ये फुगीर अंग आणि मागे पसरट शेपूट, असा खरोखरच पापलेटासारखा त्याचा आकार होता. पोटावर सापाने विळखा घातलेली कवटी रंगवलेली होती.

"तुझ्या बाबांचा आहे," मी म्हणालो.

"बाबा स्केटबोर्ड खेळायचे? मग सोडलं का?"

"तो खोका उचल आधी," मी म्हणालो.

ईशान पळत जाऊन स्वतःचा बोर्ड घेऊन आला आणि त्याने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. मी टेप लावला. जुना तीस इंच लांब आणि दहा इंच रुंद. नवा साडेएकतीस इंच लांब आणि आठ इंच रुंद. नव्याला डोके कुठले आणि शेपूट कुठले हे कळत नव्हते. आइस्क्रीमच्या कांडीत जी चपटी काडी असते, तिला मोठी करून दोन्ही टोकांना वर वाकवावे तसा तो दिसत होता. "आजोबा, तुमच्या वेळचे असे विचित्र का होते?" ईशानने विचारले.

विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी तेहतीस वर्षे इंजिनियर होतो. 'आकार उगीच नसतो, त्यामागे कारण असते' हे वाक्य मी हाताखालच्या मंडळींना हजार वेळा ऐकवले असेल. पण या दोन फळ्यांमागचे कारण मला सांगता येईना. त्यानंतर काही महिने मी ग्रंथालयात बसलो, स्केटबोर्डच्या दुकानांत जाऊन नातवाच्या वयाच्या विक्रेत्यांना प्रश्न विचारून भंडावले, आणि जे समजले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे. ईशानच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ते शेवटी सांगेन.

बेअरिंगची गाडी

ज्यांनी हे वाहन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पोळपाटाला चाके लावावीत आणि त्यावर उभे राहून रस्त्याने जावे, असा हा प्रकार. उभे राहायची जी फळी, तिला म्हणतात डेक. तिच्या पोटाशी पुढे एक आणि मागे एक असे धातूचे दोन जोड असतात, त्यांना म्हणतात ट्रक. प्रत्येक ट्रकला दोन चाके. फळीवर पाय घसरू नये म्हणून काचकागदासारखा खरखरीत कागद चिकटवलेला. ना सुकाणू, ना ब्रेक, ना घंटी. एका पायाने जमीन मागे रेटायची, आणि अंग ज्या बाजूला झुकवाल त्या बाजूला गाडी वळते.

आता पुण्यामुंबईच्या वाचकांपैकी जे साठी ओलांडलेले आहेत ते म्हणतील, यात नवल ते काय? आम्हीही बेअरिंगची गाडी केली होती! मीही केली होती. भवानी पेठेत आमच्या वडिलांचा लाकडी सामानाचा लहानसा कारखाना होता. १९५४ साली, दहा वर्षांचा असताना, मी एका मोटार दुरुस्तीच्या दुकानातून तीन टाकाऊ बेअरिंगे मिळवली. वडिलांनी एक शब्द न बोलता सागाचा एक तुकडा रंधून दिला. त्यावर बसून मी पर्वतीच्या पायथ्याचा उतार उतरलो आणि दोन्ही गुडघे सोलून घेतले. वडील संध्याकाळी म्हणाले, "फळी अरुंद झाली. उद्या रुंद देतो." बस्स, एवढेच.

नेमक्या त्याच सुमारास कॅलिफोर्नियातली पोरे रोलर स्केटचे दोन तुकडे करून फळीच्या खाली पुढेमागे ठोकत होती. त्याआधी अशा फळीवर पुढे एक खोके उभे ठोकून त्याला हँडल लावीत. कोणा कोणाचे खोके मोडले, आणि मग पोरांच्या ध्यानात आले, की खोक्यावाचूनही गाडी चालते. त्या काळच्या फळीला आकार म्हणून काही नव्हता. वखारीत जो तुकडा मिळाला तो तिचा आकार. चाके लोखंडी. १९५९ साली रोलर डर्बी नावाने तयार फळ्या दुकानांत येऊ लागल्या, तरी त्या म्हणजे रंगवलेले तुकडेच होते.

लाटेची नक्कल

फळीला पहिला खरा आकार दिला तो समुद्राने. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ, ज्याला सर्फिंग म्हणतात, तो त्या वेळी तरुणांच्या डोक्यात शिरला होता. पण समुद्र काही रोज लाटा देत नाही. ज्या दिवशी समुद्र निपचित पडलेला असेल त्या दिवशी करायचे काय? तर रस्त्यावर तीच कसरत करायची. लॅरी स्टीव्हन्सन नावाचा समुद्रावरचा एक जीवरक्षक होता. त्याने १९६३ च्या सुमारास मकाहा या नावाने ज्या फळ्या विकायला आणल्या, त्या सर्फिंगच्या फळीची लहान प्रत होत्या: पुढे निमुळत्या, कडेने गोलसर, अखंड लाकडाच्या, सपाट आणि जेमतेम वीतभर रुंद. मकाहा हे हवाई बेटांवरच्या लाटांसाठी प्रसिद्ध असलेल्या किनाऱ्याचे नाव. त्याच वर्षी आमच्या घरापासून चार-पाच मैलांवर हर्मोसा बीचच्या एका शाळेच्या आवारात या खेळाची पहिली स्पर्धा भरली.

१९६५ च्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पॅट मॅगी ही तरुणी स्केटबोर्डवर हातांवर उलटी उभी असलेली झळकली. आणि त्याच वर्षाअखेर खेळ मेला! कारण चाके. लोखंडी चाकांनंतर जी 'क्ले' म्हणून ओळखली जाणारी चाके आली, ती कठीण आणि ठिसूळ होती. वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला, की गाडी जागच्या जागी थांबे आणि स्वार पुढे जाई. हातपाय मोडलेल्या पोरांची रांग लागली, गावोगावच्या नगरपालिकांनी बंदी घातली, दुकानदारांनी माल परत पाठवला.

या मंदीच्या काळात दोन माणसांनी दोन कामे केली. स्टीव्हन्सनने फळीची मागची बाजू वर वाकवली. १९६९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि दोन वर्षांनी ते त्याला मिळाले. गोष्ट दिसायला क्षुल्लक, पण तिने सपाट फळीचे तरफेत रूपांतर केले. वाकलेल्या शेपटीवर पाय दाबला की पुढची चाके उचलली जातात आणि गाडी जागच्या जागी वळते. दुसरा माणूस फ्रँक नॅसवर्दी. व्हर्जिनियातल्या प्लास्टिकच्या एका कारखान्यात त्याला पॉलियुरेथेनची, म्हणजे रबरासारखी किंचित मऊ पण चिवट, अशी रोलर स्केटची चाके दिसली. त्याने ती कॅलिफोर्नियात आणून १९७३ च्या सुमारास कॅडिलॅक या नावाने विकली. खडा आला तर हे चाक त्याला गिळून पुढे जाई. मेलेला खेळ उठून बसला.

आटलेले तलाव

येथपर्यंतची हकीकत मी वाचून सांगितली. येथून पुढची माझ्या डोळ्यांदेखत घडली, आणि तरी मला ती दिसली नाही.

आम्ही १९७१ साली लॉस अँजेलिसच्या दक्षिणेला टॉरन्स गावी बिऱ्हाड केले. समीरचा जन्म १९७३ चा. १९७६ आणि ७७ ही दोन वर्षे कॅलिफोर्नियात भयंकर अवर्षण पडले. अंगणात पाणी घालायला मनाई झाली, आणि ज्या घरांमागे पोहण्याचे खाजगी तलाव होते ते कोरडे पडले. इथले जुने तलाव आपल्याकडच्या हौदासारखे चौकोनी नसत. काजूच्या आकाराचे, आणि आतून कढईसारखे गोलवा घेत वर चढणारे. सँता मोनिका आणि व्हेनिस या भागांतल्या पोरांनी ओळखले, की ही तर सिमेंटची गोठलेली लाट! घरमालक बाहेरगावी गेले की कुंपणावरून उड्या मारून ती आत शिरत, उरलेसुरले पाणी उपसत, आणि कढईच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर झोके घेत. टोनी अल्वा, स्टेसी पेराल्टा, जे ॲडम्स ही त्यातली पुढे गाजलेली नावे.

आमच्या गल्लीतही एक असा तलाव होता. एका दुपारी त्यातून घरघर आवाज येऊ लागला. मी डोकावून पाहिले आणि पोलिसांना फोन केला. 'मवाली पोरे' हे माझे त्यांच्याविषयीचे संपूर्ण मत होते.

आता कढईच्या उभ्या भिंतीवर वीतभर फळी काय कामाची? तिथे वेग फार, तोल नाजूक, आणि परत खाली येताना पाय फळीवर नेमका सापडला पाहिजे. शिवाय चाके एकमेकांपासून जितकी दूर तितकी गाडी स्थिर. तेव्हा तीन-चार वर्षांच्या आत सहा-सात इंचांची फळी नऊ आणि दहा इंचांची झाली. पण रुंद फळी अखंड लाकडाची केली तर ती जड होते आणि रेषेत चिरते. याला उपाय कॅनडातून आला. विली विंकेल या कारागिराने मेपलच्या पातळ पापुद्र्यांचे सात थर सरस लावून साच्यात दाबले. त्यातले पाच थर लांबीच्या रेषांचे आणि दोन आडव्या रेषांचे. उभ्याने लवचीकपणा, आडव्याने चिवटपणा. सुताराचा मुलगा म्हणून सांगतो, या रचनेला मी हात जोडले. आजही बहुतेक फळ्या याच सात थरांच्या असतात.

या खेळासाठी मग खास सिमेंटच्या बागा बांधल्या गेल्या, आणि १९८० च्या आसपास त्यांतल्या बहुतेक बंदही पडल्या. पडून जखमी झालेल्यांच्या दाव्यांच्या भीतीने विम्याचे हप्ते मालकांना परवडेनात. कित्येक बागांवर बुलडोझर फिरले. पोरांच्या पायाखालची जमीन पुन्हा गेली.

कवट्या, साप आणि मासे

पोरांनी काय केले? घरामागच्या अंगणात प्लायवुडचे अर्धे नळकांडे उभारले आणि तिथे झोके सुरू केले. हा झाला १९८० नंतरचा काळ, आणि फळीच्या आकारांची खरी दिवाळी हीच. या खेळात गाडी एकाच तोंडाने पुढे जाई. त्यामुळे पुढचे नाक आखूड राहिले, मागची शेपूट मोठी झाली, आणि मधल्या दहा इंचांत ज्याला जे सुचेल ते त्याने केले. हवेत असताना फळी हाताने पकडावी लागे, म्हणून कोणी कडेला खाच घेतली. काठावर घसरताना पोट झिजू नये म्हणून खाली प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, नाकाला आणि शेपटीला टोप्या आल्या. प्रत्येक नामवंत खेळाडूच्या नावाची फळी निघे आणि तिचा आकार दुसऱ्या कोणासारखा नसे. रुंद पोट म्हणजे चित्राला जागा. व्ही. सी. जॉन्सनच्या कवट्या आणि साप, जिम फिलिप्सचा १९८५ चा तो किंचाळणारा निळा हात, ही चित्रे लाखो पोरांच्या खोल्यांत पोचली.

१९८५ साली 'बॅक टू द फ्यूचर' हा चित्रपट आला. त्यातला नायक तीस वर्षे मागे, १९५५ सालात जातो, एका पोराच्या खोक्याच्या गाडीचे खोके उपटून टाकतो आणि उरलेल्या फळीवर उभा राहून पळ काढतो. आमच्या समीरने तो चित्रपट किती वेळा पाहिला याला गणती नाही. मग त्याने वर्षभर शेजाऱ्यांच्या अंगणातले गवत कापले, पैसे साठवले, आणि १९८७ च्या उन्हाळ्यात हा मासा घरी आणला. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. "दिवाळीच्या तोंडावर घरात कवटी!" म्हणून सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. मी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

रस्ता

दोन-तीन वर्षांत हे आकार नाहीसे झाले आणि त्यांची जागा ईशानच्या काडीने घेतली. हे का झाले, हे समजायला मला सर्वांत जास्त दिवस लागले.

ॲलन गेलफांड या फ्लोरिडाच्या मुलाने सत्तरीच्या दशकाअखेर सिमेंटच्या कढईत एक युक्ती साधली होती: हात न लावता फळीसकट उडी मारण्याची. रॉडनी मलेन याने १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तीच सपाट जमिनीवर करून दाखवली. शेपटीवर पाय आपटायचा, फळी उभी राहू लागते, तोच पुढचा पाय तिच्यावरून नाकाकडे घासत न्यायचा, की फळी पायाला चिकटल्यासारखी वर येते. या उडीने सारे गाव खेळाचे मैदान झाले. पायऱ्या, बाके, कठडे, फुटपाथच्या कडा, कशावरही चढता आले. ना तलाव हवा, ना अंगण, ना बापाच्या खिशातले प्लायवुड.

मलेनने पुढे हवेतल्या हवेत फळी पायाने लांबीच्या आसाभोवती गरकन फिरवून पुन्हा तिच्यावर उतरण्याच्याही युक्त्या काढल्या. इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. वस्तू फिरवायला किती जोर लागेल हे तिच्या वजनावर आणि रुंदीच्या वर्गावर ठरते, आणि फळी रुंद केली की वजनही वाढते. चाके आणि ट्रक बाजूला ठेवून नुसत्या फळीचा हिशेब केला, तर दहा इंचांची साडेसात इंच केल्यावर तिला फिरवायला निम्म्याहूनही कमी जोर पुरतो. म्हणजे समीरची फळी म्हणजे लाटण्यापुढे पोळपाट! शिवाय उडी मारायला शेपूट हवी तसे पुढच्या पायाला नाक हवे, आणि उलट्या तोंडाने उतरले तर नाकाचीच शेपूट होते. १९८९ मध्ये माइक व्हॅलेलीच्या नावाने जी फळी निघाली, तिची दोन्ही टोके वर वाकलेली होती. अशा पहिल्या काही फळ्यांपैकी ती एक. मग खाचा गेल्या, पट्ट्या गेल्या, टोप्या गेल्या. १९९२ च्या सुमाराला सगळ्यांच्या फळ्या साडेसात इंचांच्या आसपास, दोन्हीकडून सारख्या, आणि चाके साठ मिलिमीटरवरून चाळिसाच्या घरात आली. उडीला आड येणारे जे जे होते ते ते गळून पडले.

हे सारे वाचताना मला एक गोष्ट उमगली. फळीला आकार सुतार देत नाही, कारखानदारही देत नाही. पोरांना पायाखाली जी जमीन मिळते, ती देते. समुद्र निपचित पडला तेव्हा एक आकार, तलाव आटले तेव्हा दुसरा, बागा मोडल्या तेव्हा तिसरा, आणि काहीच उरले नाही तेव्हा रस्त्याचा चौथा. दर खेपेला वडील माणसांनी एक दार लावले आणि पोरांनी फळीचा आकार बदलून दुसरे उघडले.

आज तर सगळेच आकार एकदम नांदत आहेत. काडीची रुंदी पुन्हा वाढून आठ-साडेआठ इंचांवर आली आहे. डोंगरउतारासाठी चार फुटी फळ्या आहेत, दप्तरात मावणाऱ्या प्लास्टिकच्या बावीस इंची आहेत, आणि जुने मासेही कारखाने पुन्हा काढतात. पन्नाशीचे गृहस्थ ते विकत घेतात. खेळाला प्रतिष्ठाही आली. टोकिओचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, त्यात मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीने रस्त्यावरच्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने सुवर्णपदक पटकावले. ज्या पुण्यात मी गुडघे फोडले त्या पुण्याची ही मुलगी, हे वाचून छाती फुगली खरी. मग लगेच गॅरेज आठवले.

ईशानचा दुसरा प्रश्न

१९८७ च्या नोव्हेंबरात समीरला गणितात 'बी' मिळाला. 'ए' नाही म्हणजे नापास, ही आमच्या पिढीची मोजणी. मी त्याची फळी काढून घेतली आणि म्हणालो, "पुढचा निकाल लागेपर्यंत ही माझ्याकडे." त्याने वाद घातला नाही. पुढचा निकाल लागला. 'ए' होता. त्या रात्री जेवताना तो दोनदा माझ्याकडे पाहून थांबला, हे मला आजही स्पष्ट आठवते. मी कारखान्यातल्या कसल्याशा भानगडीत होतो. त्याने विचारले नाही, मी दिली नाही. पुढे कधीतरी मला फळीची आठवण झाली तेव्हा वाटले, पोर विसरले असेल. १९९१ साली तो कॉलेजात गेला.

आता मला हिशेब लागला. त्याने फळी परत मागितली असती, मी कॉलेजला जाताना त्याच्या हातात ठेवली असती, तरी उपयोग नव्हता. त्या चार वर्षांत सगळा आकारच बदलून गेला होता. मासा घेऊन रस्त्यावर गेला असता तर पोरे हसली असती. माझ्या वडिलांनी सोललेले गुडघे पाहून फळी रुंद करून दिली होती. मी एक गुण कमी पाहून ती चादरीत गुंडाळली.

पाडव्याला समीर आणि सूनबाई जेवायला आली. जेवणे झाल्यावर मी फळी आणून त्याच्यासमोर ठेवली. तो एक्कावन्न वर्षांचा झाला आहे, कानांवर केस पिकले आहेत. तो बराच वेळ बघत राहिला.

"बाबा, तुम्ही ही फेकली नव्हती?"

"नाही रे. निकाल लागल्यावर देणार होतो."

"निकाल लागला होता."

"हो. 'ए' मिळाला होता तुला." माझा आवाज लागेना. "चुकलं माझं, समीर."

तो काही बोलला नाही. त्याने फळी उलटी करून मांडीवर घेतली आणि एक चाक बोटाने फिरवून पाहिले. चाक हलले नाही. "बेअरिंगं जाम झालीयेत," तो म्हणाला.

"माझ्याकडे नवी आहेत!" ईशान ओरडला. "पण बसणार नाहीत ना एवढ्या जुन्याला?"

मी चष्मा लावून जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा आकडा वाचला: ६०८. आतले भोक आठ मिलिमीटर, बाहेरचा व्यास बावीस, जाडी सात. ईशानच्या डबीतल्या बेअरिंगचा आकडा वाचला: ६०८. फळीची लांबी, रुंदी, नाक, शेपूट, चित्र, चाक, सगळे बदलले होते. हा आकडा तेवढा सदतीस वर्षे तसाच होता. बाप आणि लेक गॅरेजच्या दारात मांडी घालून बसले आणि आठही बेअरिंगे बदलली. मी पाना धरून देण्याचे काम केले.

सौभाग्यवती बाहेर आल्या, त्या हळदकुंकवाची कोयरी घेऊन. "वाहन आहे ना? मग," असे म्हणून त्यांनी फळीच्या नाकावर बोट टेकले. त्या दिवशी कवटीविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

समीर फळीवर उभा राहिला. पहिल्यांदा त्याचा पाय लटपटला. मग त्याने जमीन रेटली, आणि फाटकापासून गल्लीच्या वळणापर्यंत जाऊन, शेपटीवर पाय दाबून वळून परत आला. ईशान तोंड उघडे टाकून बघत होता.

"आता आजोबा!" तो म्हणाला.

मी नको नको म्हणेपर्यंत दोघांनी मला धरून फळीवर बसवले. उभे राहणे माझ्याच्याने होणार नव्हते, पण दहा इंच रुंदी बसायला छान पुरली. ईशानच्या काडीवर ते जमले नसते. समीरने मागून माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "बाबा, पाय वर घ्या."

मी पाय वर घेतले. चाके फिरू लागली.